पहिल्या फळींतील पहारेकरी

हॉकी हा शब्द कानीं पडतांच आपल्या डोळ्यांपुढें मैदान, वांकड्या टोकाची काठी आणि पांढरा चेंडू उभा राहतो. आज मी ज्या हॉकीविषयीं बोलणार आहें ती मात्र बर्फावर खेळली जाते. आपल्या देशांत लडाखमध्यें गोठलेल्या तळ्यांवर हिंवाळ्यांत हा खेळ रंगतो. पण त्याचें माहेर कॅनडा. कॅनडा आणि अमेरिकेचीं संयुक्त संस्थानें या दोन देशांतील शहरांचे धंदेवाईक संघ ज्या स्पर्धेंत दरवर्षीं झुंजतात ती नॅशनल हॉकी लीग १९१७ सालीं स्थापन झाली. तिच्या विजेत्याला मिळणारा स्टॅनले कप हें या खेळांतील सर्वांत मोठें वैभव मानतात. या खेळांतील एका प्रश्नाचा आज आपण विचार करूं. ज्या खेळाडूची ख्याति गोल अडविण्यांत आहे, त्याला गोल करणाऱ्यांच्या पहिल्या फळीचें नायकत्व द्यावें काय? प्रश्न वरवर तांत्रिक दिसतो. परंतु माणसाच्या अंगच्या गुणांची पारख कशी करावी, या फार जुन्या प्रश्नाचेंच तें एक रूप आहे.

प्रथम खेळाची मांडणी ध्यानांत घेऊं. बर्फाचें हें अंगण २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद असतें. त्याभोंवतीं सुमारें साडेतीन फूट उंचीचा भक्कम कठडा असतो. दोन्हीं गोल टोंकाच्या कठड्यापासून ११ फूट आंत असल्यामुळें खेळ गोलाच्या पाठीमागेंहि चालतो. चेंडूच्या जागीं तीन इंच व्यासाची आणि एक इंच जाडीची रबराची चकती असते. प्रत्येक बाजूचे सहा जण एका वेळीं बर्फावर असतात: एक गोलरक्षक, दोन बचावपटू आणि आघाडीचे तिघे. या तिघांतील मधला तो सेंटर आणि दोन बाजूंचे ते विंगर. वीस वीस मिनिटांचे तीन डाव होतात. वेग इतका विलक्षण असतो कीं पाऊणएक मिनिटांतच खेळाडूंचा दम संपतो, आणि ते कठड्यावरून उडी मारून बाहेर बसतात व ताजे गडी आंत येतात. यासाठीं प्रत्येक संघ तिघां-तिघांच्या चार फळ्या तयार ठेवतो. पहिल्या फळींत अर्थातच सर्वांत कुशल गोल करणारे असतात आणि बर्फावर अधिकांत अधिक वेळ त्यांचाच जातो.

या तिघांत सेंटरचें काम सर्वांत अवघड. खेळ पुन्हां सुरू करतांना पंच दोन प्रतिस्पर्धी सेंटरांच्या काठ्यांमध्यें चकती टाकतो. याला फेस-ऑफ म्हणतात. ती चकती ज्याच्या वांट्याला येईल त्याची चढाई; दुसऱ्याच्या नशिबीं धांवाधांव. स्वतःच्या गोलापुढें संकट उभें राहिलें म्हणजे विंगर कांहींसे वरच्या बाजूस, प्रतिपक्षाच्या बचावपटूंवर नजर ठेवून थांबतात. सेंटरला मात्र थेट गोलापुढें व कोंपऱ्यांत उतरून आपल्या बचावपटूंना हात द्यावा लागतो. चकती हस्तगत होतांच त्यानेंच मागें वळून दुसऱ्या टोंकाकडे धांव घ्यावी, अशीहि अपेक्षा असते. एकत्र कुटुंबांतील कर्त्या माणसाप्रमाणें त्याला माजघर आणि ओसरी दोन्हींकडे लक्ष ठेवावें लागतें.

परंतु दोन्हीं कामें सारख्याच कौशल्यानें करणारा माणूस विरळा. म्हणून संघांत पूर्वीपासून कामाची वांटणी ठरून गेली. पहिल्या व दुसऱ्या फळीचे सेंटर गोल करण्यासाठीं, तिसऱ्या फळीचा सेंटर प्रतिपक्षाच्या उत्तम खेळाडूच्या मागें सांवलीसारखा फिरण्यासाठीं. या योजनेला खेळाच्या नियमाचीहि मदत आहे. खेळ थांबला असतां पाहुण्या संघानें आपले गडी अगोदर उतरवावयाचे असतात आणि यजमान संघाला ते पाहून आपले गडी बदलतां येतात. त्यामुळें घरच्या बर्फावर कोणापुढें कोण उभा राहील हें ठरविणें यजमान संघाच्या हातीं असतें.

अशा पहारेकऱ्यांचा गौरव करण्यासाठीं फ्रँक सेल्की यांच्या नांवाचें पारितोषिक निर्माण झालें. सेल्की हे माँट्रियल कॅनेडियन्स या संघाचे एके काळचे सूत्रधार. बचावांत सर्वांत निपुण ठरलेल्या आघाडीच्या खेळाडूला तें देतात आणि त्याची निवड हॉकीविषयीं लिहिणारे वृत्तपत्रकार मतदानानें करतात. १९७८ सालीं तें प्रथम दिलें गेलें आणि पहिल्या चारहि वर्षीं तें माँट्रियलच्या बॉब गेनी या विंगरलाच मिळालें. गेनीनें आपल्या साऱ्या कारकीर्दींत एका हंगामांत २३ हून अधिक गोल कधीं केले नाहींत. तात्पर्य, पहाऱ्याला मान मिळाला. पण पहारेकऱ्याची जागा देवडीवरच राहिली.

या परंपरेंतील थोर सेंटर म्हणजे माँट्रियलचाच गी कार्बोनो. १९८८, १९८९ आणि १९९२ अशीं तीन वर्षें सेल्की पारितोषिक त्यानें मिळविलें. १९९३ च्या स्टॅनले कपच्या अंतिम मालिकेंत लॉस एंजेलिसनें पहिला सामना ४-१ असा जिंकला आणि त्या चारहि गोलांत वेन ग्रेट्झ्की या अद्वितीय खेळाडूचा हात होता. तेव्हां कर्णधार कार्बोनोनें प्रशिक्षक जाक देमेर्स यांच्याकडे ग्रेट्झ्कीला अडविण्याचें काम स्वतः मागून घेतलें. पुढील चारहि सामने माँट्रियलनें जिंकले. त्यांपैकीं तीन जादा वेळेंत सुटले, तेव्हां सारें श्रेय एका माणसाला देतां येणार नाहीं. तरी त्या मालिकेची गोष्ट निघाली कीं त्या विनंतीची आठवण निघतेच.

येथें एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. बर्फाच्या हॉकींत गोल करणाऱ्याला एक गुण मिळतो, आणि त्याच्यापूर्वीं चकती पोंचविणाऱ्या जास्तींत जास्त दोघांनाहि प्रत्येकीं एक गुण मिळतो. हाच कार्बोनो १९७९-८० च्या हंगामांत क्वेबेक प्रांताच्या कुमार स्पर्धेंत खेळत असतांना त्यानें ७२ सामन्यांत १८२ गुण मिळविले होते. म्हणजे गोल करण्याची विद्या त्याला अवगत नव्हती असें नव्हे. माँट्रियलला पहारेकरी हवा होता, तो पहारेकरी झाला आणि जन्मभर त्याच नांवानें ओळखला गेला. माणूस जें काम निमूटपणें करतो त्यालाच लोक त्याची मर्यादा समजूं लागतात, असा अनुभव खेळाबाहेरहि येतो.

आतां याच्या उलट घडलेलें एक उदाहरण पाहूं. शॉन कुतूरिये हाहि क्वेबेकच्या कुमार स्पर्धेंतून पुढें आलेला सेंटर. २००९-१० मध्यें त्या स्पर्धेंत सर्वांत अधिक, म्हणजे ९६ गुण त्यानें मिळविले. २०११ सालीं फिलाडेल्फिया फ्लायर्स संघानें त्याला घेतलें आणि अठराव्या वर्षींच त्याच्यावर बचावाची कामगिरी सोंपविली. २०१२ च्या वसंतांत पिट्सबर्गविरुद्धच्या मालिकेंत, त्या हंगामांत सर्वांहून अधिक गुण मिळविणाऱ्या येव्गेनी माल्किनच्या मागावर त्याला धाडण्यांत आलें; आणि दुसऱ्या सामन्यांत या एकोणीस वर्षांच्या पोरानें स्वतःच तीन गोल केले. फिलाडेल्फियानें ती मालिका जिंकली. तरीहि पुढें पांच वर्षें त्याचें स्थान बदललें नाहीं. त्याचे बहुतेक फेस-ऑफ स्वतःच्या गोलाजवळ होत, समोर प्रतिपक्षाचे उत्तम गडी असत आणि शेजारीं बहुधा सामान्य विंगर. सहा हंगामांत तो १५ गोल व ३९ गुण यांच्यापलीकडे कधीं गेला नाहीं. इतकीच याची धांव, असा निर्णय अनेकांनीं देऊन टाकला होता.

२०१७ च्या शरद ऋतूंत प्रशिक्षक डेव्ह हॅक्स्टल यांनीं एक धाडस केलें. संघाचा कर्णधार आणि पहिल्या फळीचा सेंटर क्लोद जिरू याला त्यांनीं डाव्या बाजूचा विंगर केलें आणि मध्यें कुतूरियेला आणलें. आदल्या हंगामांत जिरूचे गुण ५८ वर उतरले होते आणि त्याचा बहर ओसरला अशी कुजबूज चालू होती. त्या हंगामाच्या अखेरीस कुतूरियेचे ३१ गोल व ७६ गुण झाले, म्हणजे पूर्वींच्या उच्चांकाच्या जवळजवळ दुप्पट. आणि जिरूचे झाले १०२. साऱ्या लीगमध्यें त्याच्याहून अधिक गुण केवळ एकाच खेळाडूचे होते. पुढच्या हंगामांत कुतूरियेनें पुन्हां ७६ गुण मिळविले आणि २०२० सालीं सेल्की पारितोषिकहि त्याला मिळालें. म्हणजे पुढच्या ओळींत जाऊन त्यानें पहारा सोडला नव्हता.

हें घडलें कसें? याचीं कारणें तीन. पहिलें असें कीं, चढाईची सुरुवात चकती हातीं येण्यापासून होते. कोंपऱ्यांतून चकती सोडविणारा, प्रतिपक्षाचा डाव अगोदर ओळखून वाटेंत काठी घालणारा आणि फेस-ऑफ जिंकणारा सेंटर आपल्या विंगरांना गोलाकडे जाण्याच्या कितीतरी अधिक संधि मिळवून देतो. दुसरें कारण श्रमविभागाचें. सेंटर असतांना जिरूला प्रत्येक वेळीं स्वतःच्या गोलापर्यंत उतरावें लागे. तें ओझें कुतूरियेनें उचलल्यावर त्याची सारी शक्ति ज्या कामांत तो निष्णात होता त्या कामीं लागली. तिसरें कारण डावपेंचाचें. प्रतिपक्षाच्या पहिल्या फळीपुढें आपलीच पहिली फळी निर्धास्तपणें उभी करतां आली, तर तिला अडविण्यासाठीं वेगळी फळी राखून ठेवावी लागत नाहीं आणि खालच्या फळ्यांना तुलनेनें दुबळे प्रतिस्पर्धी मिळतात. याखेरीज कुतूरियेला स्वतःला झालेला लाभ उघडच आहे: त्यानें दिलेली चकती गोलांत घालणारे साथीदार त्याला प्रथमच लाभले. चांगल्या तबलजीची योग्यता चांगल्या गवयाबरोबरच दिसावी, तसा हा प्रकार.

मात्र एवढ्यावरून प्रत्येक पहारेकऱ्याला दरबारांत नेऊन बसवावें, असा निष्कर्ष कोणी काढूं नये. दुसरी बाजू माँट्रियलच्या फिलिप दानो याच्या उदाहरणांत दिसते. गुण मिळविणारा थोर सेंटर संघाजवळ नसल्यामुळें कांहीं वर्षें तोच पहिल्या फळीचा सेंटर होता. २०२१ च्या बाद फेरींत टोरोंटोविरुद्ध सात सामन्यांची मालिका झाली. टोरोंटोच्या ऑस्टन मॅथ्यूजनें त्या हंगामांत ५२ सामन्यांत ४१ गोल केले होते. दानोच्या पहाऱ्याखालीं त्याला संपूर्ण मालिकेंत एकच गोल करतां आला आणि त्याचा जोडीदार मिच मार्नर याला एकहि नाहीं. टोरोंटोचा दुसरा मोठा सेंटर पहिल्याच सामन्यांत जखमी झाला आणि माँट्रियलचा गोलरक्षकहि उत्तम खेळला, हें खरें; पण दानोचा वांटा कोणी नाकारला नाहीं. ३-१ असा मागें पडलेला माँट्रियल संघ ती मालिका जिंकून पुढें अंतिम फेरीपर्यंत पोंचला.

तेथें मात्र हिशेबाची दुसरी बाजू पुढें आली. टँपा बेविरुद्ध माँट्रियलला पांच सामन्यांत मिळून अवघे आठ गोल करतां आले आणि मालिका ४-१ अशी हातची गेली. त्या वर्षींच्या बाद फेरींतील २२ सामन्यांत दानोचा स्वतःचा गोल एकच होता. प्रतिपक्षाचे गोल अडविणें ही निम्मी लढाई. उरलेली निम्मी कोणीतरी जिंकावी लागते. पहिल्या फळीच्या सेंटरकडून ती जिंकली जात नसेल आणि मागें दुसरा कोणी तयार नसेल, तर संघ सामने बरोबरींत ठेवूं शकतो, पण जिंकूं शकत नाहीं. मौजेची गोष्ट ही कीं, हाच दानो पुढील हंगामांत लॉस एंजेलिसला गेला. तेथें पहिल्या फळींत अँझे कोपितार हा मातबर सेंटर असल्यामुळें दानोला दुसरें स्थान मिळालें आणि तेथून त्यानें २७ गोल केले. जागेप्रमाणें माणसाचें मोल बदलतें तें असें.

मग पारख कशावरून करावी? माझ्या मतें कसोटी एकच आहे: चकती हिसकावून घेतल्यानंतर हा माणूस काय करतो? ती कठड्यावर आपटून संकट टाळतो, कीं मान वर करून साथीदार शोधतो? पहिला उत्तम पहारेकरी होय. दुसरा नायक होऊं शकतो.

याच वाटेनें दुसऱ्या दिशेकडून आलेले खेळाडूहि आहेत. डेट्रॉइटच्या स्टीव्ह आयझरमननें १९८८-८९ मध्यें १५५ गुणांचा पाऊस पाडला होता; पण स्टॅनले कप कांहीं हातीं येत नव्हता. १९९३ सालीं स्कॉटी बोमन प्रशिक्षक म्हणून आले आणि त्यांच्या हाताखालीं आयझरमननें बचावाची शिस्त अंगीं बाणविली. १९९६-९७ मध्यें त्याचे गुण ८५ वर आले होते. परंतु त्याच वर्षीं डेट्रॉइटनें ४२ वर्षांनंतर कप जिंकला. २००० सालीं त्याला सेल्की पारितोषिकहि मिळालें. जो मोठेपणा त्याला १५५ गुणांनीं दिला नाहीं तो कांहीं गुण सोडून दिल्यानें मिळाला.

बॉस्टनचा पात्रीस बर्जेरॉन हा तर या प्रकाराचा आदर्शच. सेल्की पारितोषिक त्यानें सहा वेळां मिळविलें. इतक्या वेळां तें दुसऱ्या कोणाला मिळालेलें नाहीं. २०११ च्या अंतिम मालिकेच्या सातव्या सामन्यांत बॉस्टननें व्हँकूव्हरला ४-० असें हरविलें, त्यांतील दोन गोल त्याचे. २०१८-१९ च्या हंगामांत त्याच्या डाव्या हाताच्या ब्रॅड मार्शंडला १०० गुण मिळाले, त्याला स्वतःला ७९. आणि हाच त्याच्या कारकीर्दींतील उच्चांक ठरला. त्याच वर्षीं अंतिम मालिकेंत बॉस्टनसमोर सेंट लुईसचा रायन ओ'राइली हा त्याच जातीचा सेंटर उभा होता. जानेवारीच्या आरंभीं सेंट लुईसचा संघ साऱ्या लीगमध्यें तळाशीं होता. ओ'राइलीनें अंतिम मालिकेच्या शेवटच्या चारहि सामन्यांत गोल केले, सेंट लुईसनें इतिहासांतील पहिला कप जिंकला आणि बाद फेरींतील सर्वोत्तम खेळाडूचा मान व सेल्की पारितोषिक हीं दोन्हीं त्याच वर्षीं त्याच्या घरीं गेलीं. पुढें २०२४ व २०२५ या लागोपाठच्या वर्षीं कप जिंकणाऱ्या फ्लॉरिडा संघाचा कर्णधार अलेक्सांदर बार्कोव्ह हाहि असाच सेंटर, आणि त्या दोन्हीं वर्षीं सेल्की पारितोषिक त्यालाच मिळालें. देवडीवरचा माणूस आतां सिंहासनाशेजारीं आला आहे, असें म्हणावयास हरकत नाहीं.

तथापि, या मानाची किंमतहि असते. २०१८ सालीं फिलाडेल्फियाची गांठ पुन्हां पिट्सबर्गशींच पडली. त्या मालिकेच्या मध्यावर सरावांत कुतूरियेच्या गुडघ्याचा स्नायुबंध फाटला. एक सामना बाहेर बसून तो परत आला, पांचव्या सामन्यांत अखेरच्या दीड मिनिटांत त्यानें विजयी गोल केला आणि सहाव्या सामन्यांत तर तीन गोल करून आणखी दोन गोलांना हातभार लावला. पण तो सामना फिलाडेल्फियानें ५-८ असा गमावला आणि हंगाम तेथेंच संपला. ज्याची कीर्ति गोल अडविण्याबद्दल, त्यानें पांच गोलांत हात घालावा आणि त्याच दिवशीं आपल्या गोलांत आठ चकत्या जाव्यात, यापरतें दैवाचें वैचित्र्य कोणतें? पहिल्या फळीच्या सेंटरला दोन्हीं टोंकें संभाळावयाचीं असतात, आणि एकट्या माणसाला तीं नेहमींच संभाळतां येत नाहींत.

श्रोतेहो, या खेळाचें चित्रण आतां घरबसल्या पाहतां येतें. कधीं तसा योग आला तर एक करून पाहा. चकतीमागें नजर धांवूं न देतां दोन मिनिटें फक्त सेंटरकडे पाहा. चकती हरवतांच तो कोणत्या दिशेनें वळतो, प्रतिपक्षाची काठी तो कशी अडकवतो, आणि आपले विंगर निर्धास्तपणें पुढें पळत असतांना तो कोठें उभा असतो, हें न्याहाळा. गोल होतांच आरोळी उठेल ती दुसऱ्याच्या नांवाची. पण त्या गोलाच्या आधीं दहा सेकंद, अंगणाच्या दुसऱ्या टोंकाला, कोंपऱ्यांतल्या गर्दींतून ती चकती कोणी बाहेर काढली होती, तें आपण पाहिलेलें असेल.